कॅटलॉगचे काम म्हणजे डेटा एंट्री नव्हे

प्रश्न : वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली माझी मुलगी एका ऑनलाइन स्टोअरच्या कॅटलॉग विभागात दिवसभर कपड्यांचे रंग आणि मापे भरत बसते. ही कारकुनी सोडून तिने बँकेच्या परीक्षेला बसावे, असे माझे मत आहे. तिचा राजीनामाही मी लिहून ठेवला आहे. कृपया तिला समजवा.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत चिंताजनक गोष्ट तिची नोकरी नसून आपण लिहून ठेवलेला राजीनामा आहे. कमावत्या, सज्ञान मुलीच्या वतीने तो लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो आधी फाडून टाका. ती नेमके काय काम करते, हे आपण तिला विचारल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. आपण फक्त तिच्या खांद्यावरून स्क्रीन पाहिलेली दिसते.

बँकेची परीक्षा हा चांगला मार्ग आहे, पण तो तिने निवडला तरच.

आता ‘रंग आणि मापे भरण्या’विषयी. पाच मापे आणि चार रंग असलेल्या एका शर्टाची वीस व्हेरिएशन्स, म्हणजे उपप्रकार, होतात आणि त्या प्रत्येकाचा एसकेयू (विक्रेत्याने दिलेला ओळख-कोड), साठा व बारकोड क्रमांक वेगळा असतो. ज्या मूळ नोंदीखाली ही व्हेरिएशन्स एकत्र येतात, ती नोंद स्वतः विकली जात नाही. भरणे सोपे आहे, अवघड आहे ते ठरवणे. तोच शर्ट सुतीऐवजी लिननचा आला, तर ते व्हेरिएशन मानायचे की नवे उत्पादन? एकाच शर्टाची मापे वेगवेगळ्या पानांवर विखुरली, तर ग्राहकाला आपले माप संपले आहे असे वाटते आणि तो निघून जातो. उलट, भिन्न वस्तू एकाच गटात कोंबल्या, तर एकीचे रिव्ह्यू दुसरीच्या नावावर दिसू लागतात. नव्या वस्तूंना जुन्यांचे रिव्ह्यू मिळावेत म्हणून मुद्दाम असे गट केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये एका कंपनीला ६ लाख डॉलर भरायला लावले. ज्या निर्णयाची एवढी किंमत मोजावी लागू शकते, त्याला कारकुनी म्हणणे मला मान्य नाही.

मात्र आपली शंका एका बाबतीत रास्त ठरू शकते. गट दुसरेच कोणी ठरवत असेल आणि ती केवळ तयार शीट अपलोड करत असेल, तर तेवढे काम सॉफ्टवेअर आजही करते व त्यात तिची वाढ होणार नाही. म्हणून तिला एवढेच विचारा, की नवे उत्पादन आले की त्याची मांडणी कोण ठरवते. ती ठरवत असेल, तर तिने एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि उत्पादन-माहिती सांभाळणारी सॉफ्टवेअर्स शिकून कॅटलॉग किंवा कॅटेगरी व्यवस्थापनाकडे वळावे. ठरवत नसेल, तर एखाद्या लहान विभागाची मांडणी तिने वरिष्ठांकडे मागून घ्यावी. नकारच मिळत राहिला, तर नोकरी जरूर बदलावी, पण याच क्षेत्रात, आणि राजीनामा तिने स्वतः लिहावा.