डाळ, कढई आणि तुमचे प्रश्न

श्रावण संपत आला की या सदराच्या पत्रांना तेलाचा वास येऊ लागतो. गौरी-गणपती, मग दसरा-दिवाळी, म्हणजे तळणाचे दिवस. यंदा चकल्या-करंज्यांपेक्षा तळलेल्या डाळीवरच जास्त पत्रं आलीत. दुकानात छोट्या पुडीत मिळणारी ती खारी मूगडाळ घरी का जमत नाही, असा बहुतेकांचा सूर. सांगलीत आमच्या घरी ओट्यावर रोज काही ना काही तळलं जातं, सणाच्या ऑर्डरी असतात, त्यामुळे जे सांगते ते हाताखालचं आहे. वाचकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, फक्त गावं दिलीत.

काकू, मुगाची डाळ रात्रभर भिजवून तळली. एकदा तेल एवढं फसफसलं की गॅसवर सांडलं. पुढच्या वेळी डाळ उन्हात चांगली वाळवून घेतली, तर दाणे खड्यासारखे झाले. नेमकं करायचं काय? (विटा)

दोन्ही वेळा घोटाळा पाण्याचाच आहे. पहिल्यांदा पाणी दाण्याच्या बाहेर राहिलं, दुसऱ्यांदा आतलंही गेलं. आपल्याला हवा तो दाणा बाहेरून कोरडा, आतून ओला. आतलं पाणी गरम तेलात वाफ होऊन बाहेर पडतं, त्या वाफेवर दाणा शिजतो आणि आतून पोकळ, हलका होतो. पाणीच नसेल तर डाळ शिजणार कशी? ती नुसती भाजली जाते आणि दाताखाली कडाकडा वाजते.

आता कृती. सालं काढलेली पिवळी मूगडाळ घ्या, जुनाट नको. तीन-चार पाण्यांनी धुवा, पाणी नितळ दिसेपर्यंत. पांढरं पीठ राहिलं तर ते तेलात जळून तळाशी काळं होतं आणि पुढच्या सगळ्या घाण्यांना चिकटतं. चार तास भिजवली तरी पुरते, मुगाला रात्र लागत नाही. भिजली की नाही हे घड्याळावर न ठरवता एक दाणा नखाने मोडून बघा. सहज तुटला आणि मध्ये पांढरी कोरडी रेघ दिसली नाही, की झालं.

मग चाळणीत उपसून पाणी निथळू द्या आणि जुन्या सुती पंच्यावर एकेरी पसरा. पंख्याखाली, उन्हात नाही. अर्धा तास पुष्कळ झाला. पावसाळ्यात थोडा जास्त लागेल. मूठभर डाळ हातात घेऊन सोडायची, तळहात ओला झाला नाही आणि दाणे सुटे पडले, की कढई चढवा.

घरच्या मंडळींची घाई इथेच नडते. आख्खी वाटी एकदम ओतली की तेल लगेच थंड पडतं, वर फेस चढतो आणि डाळ तेल पिते. त्यापेक्षा स्टीलचं लांब दांड्याचं गाळणं घ्या, चहाचं प्लास्टिकचं नव्हे. त्यात दोन मोठे चमचे डाळ घ्यायची आणि गाळण्यासकट तेलात बुडवायची. फेस वर आला की गाळणं जरा उचला, बसला की परत खाली. कढई अर्ध्याच्या वर भरायची नाही, म्हणजे गॅस पुसायची वेळ येत नाही. आच मोठी ठेवा, पण तेलातून धूर निघायच्या आत.

केव्हा काढायची ते कानाला कळतं. आधी चरचर मोठी असते, मग बारीक होत जाते, दाणे वर येऊन तरंगतात आणि झाऱ्याला लागून किणकिणतात. रंग पिवळाच असताना उपसा. तांबूस होईपर्यंत थांबलात तर बाहेर काढल्यावर आणखी एक छटा चढते आणि चव कडवट लागते. मीठ मिक्सरला फिरवून पिठासारखं बारीक करायचं आणि डाळ गरम असतानाच भुरभुरायचं. थंड डाळीवर टाकलेलं मीठ डब्याच्या तळाशी जाऊन बसतं.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. मूगडाळ कशीबशी होते, पण हरभऱ्याची डाळ दहा तास भिजवूनही आत टणक राहते. सोडा घातला तर लालसर होते आणि साबणाचा वास येतो. (जत)

जड पाण्याचं दुखणं तुमच्या भागात जुनंच. जी डाळ कुकरला शिजत नाही ती तळणीत तरी कशी फुलावी? अशा पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातल्या चिकट घटकाला, पेक्टिनला, धरून बसतं आणि दाणा घट्ट होतो. खायचा सोडा ती पकड ढिली करतो, म्हणून तो घालतात. पण लोक तो पोहे टाकल्यासारखा टाकतात! एक वाटी डाळीला पाव चहाचा चमचा, त्याहून कणभरही जास्त नको. आणि भिजल्यावर डाळ दोन-तीन पाण्यांनी खळखळून धुवायची. सोडा दाण्यावर राहिला की तळताना रंग लवकर चढतो आणि ती साबणी चव येते. तुमचं धुणं कमी पडतंय.

सोड्याआधी पाण्याचं बघा. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या. पातेल्याच्या तळाला पांढरा थर दिसेल. तो न ढवळता वरचं पाणी काढून घ्या आणि त्यात डाळ भिजवा. घरात आरओ असेल तर भिजवण्यापुरतं ते वापरा, धुवायला बोअरचं चालतं. एवढं करूनही कण राहिला तर डाळ जुनी आहे. वर्ष-दीड वर्ष कोठीत पडलेली हरभरा डाळ कशानेच वठणीवर येत नाही. तिचं पीठ दळून आणा.

तळताना हरभऱ्याला दोन आचा लागतात. घाणा सोडताना मोठी, फेस बसला की मध्यम. दाणा जाड आहे, त्याला आतपर्यंत वाळायला वेळ द्या. वर तिखट-मीठ, थोडं पादेलोण आणि आमचूर. आमच्याकडे कांदा-लसूण मसालाही टाकतात, पण तो ओलसर असतो. त्यामुळे तो ज्या दिवशी खायचा त्याच दिवशी, ताटलीत. डब्यात नको.

घाण्याचं शेंगतेल तळणाला वापरावं का? आणि उरलेल्या तेलाचं काय करावं? (तासगाव)

घाण्याचं तेल भाकरीवर, चटणीवर, भडंगावर. त्याची चव तिथे कळते. डाळ तळायला लागतो कडक ताप, आणि गाळून नुसतं भरलेल्या तेलाला धूर लवकर येतो, फेसही जास्त. त्यासाठी रिफाइंड शेंगदाणा तेल बरं.

उरलेलं तेल निवल्यावर कापडातून गाळा, झाकून ठेवा आणि आठवड्याच्या आत फोडणीला संपवा. दुसऱ्यांदा तळणाला मी घेत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै 2018 पासून वापरलेल्या तेलातल्या पोलर घटकांना, म्हणजे तेल तापून बिघडताना त्यात तयार होणाऱ्या पदार्थांना, 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यापुढे ते तेल खाण्याच्या कामाचं नाही. घरी मोजायचं यंत्र कुणाकडे असतं? डोळा आणि नाक वापरा. तेल दाट झालं, रंग चहाचा झाला, गार असतानाही फेस धरून बसलं किंवा खवट वास आला, की टाकून द्या. मोरीत ओतू नका मात्र. बाटलीत भरून कचरावाल्याला वेगळं द्या.

एअर फ्रायरमध्ये होईल का? (विश्रामबाग, सांगली)

भिजवलेला हरभरा किंवा काबुली चणे, तेलाचा हात लावून, होतात. मुगाची डाळ मात्र जाळीतून खाली पडते आणि पंख्याच्या वाऱ्याने उडते. जी उरते ती कुरकुरीत कमी, कडक जास्त. माझं मत विचाराल तर महिन्यातून एकदा तळलेली खा, उगाच यंत्राशी भांडू नका.

चकली सोऱ्यातून तुटते, कशीबशी पाडली तर तेलात विरघळते. भाजणी घरचीच आहे. (कराड)

तुटणं आणि विरघळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुटते, कारण उकड कोरडी आहे किंवा मळणं कमी पडलं. विरघळते, कारण मोहन जास्त झालं. तुम्ही तुटते म्हणून वरून तेल लावलंत का? बहुतेक जणी तेच करतात आणि एकाची दोन दुखणी होतात. तुटत असेल तर कोमट पाण्याचा हात लावून मळा, तेलाचा नाही.

आमची भाजणी अशी: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूगडाळ, मूठभर धणे, थोडे जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. उडदाला आखडता हात नको, बांधून ठेवण्याचं काम त्याचं. गिरणीवाल्याला आधी सांगा की गहू दळून झाल्यावर लगेच माझं टाकू नको. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली वातड होते आणि दोष येतो भाजणीवर.

चार वाट्या भाजणीला पाव वाटी तेल पुरतं. पाणी, तेल, तिखट, मीठ, तीळ, ओवा उकळून त्यात भाजणी घालायची, गॅस बंद करून झाकून ठेवायची, कोमट झाल्यावर मळायची. पहिली एकच चकली सोडून बघा. विरघळायला लागली तर गोळ्यात दोन मुठी कोरडी भाजणी मिसळा आणि परत मळा. पंधरा चकल्या एकदम पाडून ठेवून मग पत्र लिहायला बसू नका!

अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या प्रसादाला वाटली डाळ करते. दरवर्षी कोरडी ठणठणीत होते, घशाखाली उतरत नाही. सासूबाईंची मऊ, मोकळी व्हायची. (वाई)

सासूबाईंनी तेल तुमच्या दुप्पट घातलं असणार. वाटली डाळ हात आखडून होत नाही. हरभरा डाळ चार-पाच तास भिजवून, पाणी न घालता, हिरव्या मिरच्या-आल्याबरोबर भरड वाटायची. एकदम गुळगुळीत वाटली तर तिचा लगदा होतो. तेल सढळ, फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, सुक्या मिरच्या. वाटलेली डाळ परतून झाकण ठेवायचं आणि मधूनमधून पाण्याचा हबका मारायचा. हा हबका तुम्ही विसरत असाल. कच्चा वास गेला आणि डाळ मोकळी झाली की मीठ, साखर, गॅस बंद करून लिंबू, वर खोबरं-कोथिंबीर.

मंडळासाठी मोठ्या प्रमाणात करायची असेल तर वाटलेली डाळ आधी इडलीपात्रात वाफवून घ्या, निवल्यावर हाताने कुस्करा आणि मग फोडणीत टाका. ढवळून हात मोडत नाही आणि तळाला लागत नाही.

मुलगा जिमला जातो. म्हणतो, डाळ म्हणजे प्रोटीन, म्हणून तळलेल्या मूगडाळीची पाकिटं फस्त करतो. (मिरज)

शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं. पण त्याच कोरड्या डाळीत स्निग्धांश जेमतेम एक-दीड ग्रॅम, आणि तळल्यावर तो कितीवर जातो ते त्याला पाकिटाच्या मागे वाचायला सांगा. शिवाय मीठ. प्रथिनंच हवी असतील तर मोड आलेली मटकी वाफवून कांदा-लिंबू घालून द्या. खाणार नाही, मला माहीत आहे.

खोलीवर तेलाची कढई चालत नाही, फक्त इंडक्शन आहे. डब्यात टिकेल असं डाळीचं काही सांगा. (इस्लामपूरहून पुण्याला गेलेला विद्यार्थी)

आपल्या भागातला असून विचारतोस? भडंग कर. चुरमुरे मंद आचेवर चुरचुरीत होईस्तोवर गरम करून बाजूला ठेव. दोन-तीन चमचे शेंगतेलात शेंगदाणे खमंग कर, मग ठेचलेला लसूण, कढीपत्ता. लसूण तांबूस झाला की पंढरपुरी डाळं टाक. डाळं आधीच भाजलेलं असतं, त्याला अर्धं मिनिट पुरे, नाहीतर करपतं. गॅस, म्हणजे तुझं इंडक्शन, बंद करून हळद, तिखट, मीठ, चमचाभर पिठीसाखर. वर चुरमुरे ओतून हलव. येताना आईकडून मेतकूट आण आणि दोन चमचे त्यातच भुरभुर. मेतकुटात हरभरा आणि उडदाची डाळ असतेच, त्यामुळे तुझी डाळीची अटही पुरी होते. तासगावचे बेदाणे घालायचे तर खातेवेळी घाल, डब्यात ते ओल धरतात.

पावसाळ्यात तळलेली डाळ दोन दिवसांत सादळते. बचत गटातर्फे विकायचा विचार आहे, पण हीच भीती वाटते. (पलूस)

कोमट असताना डबा बंद केला की आतल्या वाफेनेच सादळते. मोठ्या परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, पण उघडी तासन् तास ठेवू नका, हवेतली ओल धरते. गार झाली की लगेच भरा. कागदावर निथळवलीत तर कागद दोनदा बदला. राहिलेलं तेल आठ-पंधरा दिवसांत खवट होतं आणि ग्राहक तुटतो तो खवटपणाने, सादळल्याने नाही. सादळलेली डाळ कोरड्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटं हलवली की परत वाजते. खवट झालेली फेकावीच लागते.

विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या, तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजन, घटक आणि बनवल्याची तारीखही लिहा. डाळ गणपती पेठेतून ठोक घेणार असाल तर पोतं उचलण्याआधी मूठभर घरी आणून भिजवून, तळून बघा. दिसायला चकचकीत डाळ कित्येकदा नुसती पॉलिशची असते. आणि सुरुवातीला एकच प्रकार विका, खारी मूगडाळ. ती नीट जमू लागली की हरभरा आणि मसूर पुढच्या सणाला.