डोळे सोड, भरतीची वेळ विचार

प्रिय पोरी,

"सर, तो नजरेला नजर देत नव्हता, तरी खरा निघाला. मग मी बघायचं तरी कुठे?" तुझी ही ओळ वाचली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फौजदार होऊन वर्ष झालं नाही तुला, आणि नेमक्या माझ्याच खड्ड्यात पाय घातलास.

अगं, आपल्याकडचा माणूस साहेबापुढे मान खालीच घालतो. खलाशी असो, बागेतला राखणदार असो, मासे विकणारी म्हातारी असो. खाकी बघून घाम फुटतो. तो चोरीचाच असतो असं नाही. डोळे सोड. त्याच्या बोलण्यात तपासता येण्याजोगं काय आहे, ते धर.

नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे होडीचं मशीन चोरीला गेल्याची तक्रार आली. संशय दोघांवर. एक विशीतला खलाशी, बोलताना अडखळायचा, सांगितलेलं दुरुस्त करायचा, मध्येच "नाय आठवत" म्हणायचा. दुसरा इस्त्रीच्या शर्टातला होडीवाला. थेट माझ्याकडे बघून म्हणाला, पुनवेच्या पहाटे साडेपाचला खाडीतून होडी बाहेर काढली, दुपारी परत आलो. मी पोराला दोन दिवस बसवून ठेवलं. त्याची आई बाहेर पायरीवर, डब्यातली पेज तशीच. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हसला, "सायबानू, पुनवेच्या त्या टायमाक खाडयेत पाणी खंय असता?"

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंधराचे सव्वाअकरा. म्हणजे त्याच्या सहा तास आधी, पहाटे सव्वापाचच्या सुमाराला पुरती ओहोटी, तीही उधाणाची. होडी चिखलात! हा हिशोब मलाही येत होता गं. पण मी डोळे बघत होतो. वरून तगादा होता, आम्हाला शिकवलंही तसंच होतं, आणि त्या पोराला मी बोटही लावलं नव्हतं, हेही लिहून ठेव. (लिहून काय उपयोग म्हणा. ती पायरी काही जात नाही.)

ते पापणी लवली, नाक खाजवलं की खोटं, असले व्हिडिओ बघणं आधी बंद कर. 2006 साली बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी दोनशेवर अभ्यास एकत्र केले, 24,000 हून जास्त लोकांचे अंदाज. खरंखोटं ओळखण्यात लोक बरोबर आले 54 टक्के वेळा. नाणं उडवून 50 मिळतात!

त्यापेक्षा "उठल्यापासून सांग" एवढंच म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जमत नाही, मला माहीत आहे. डिझेलची पावती, मोबाइलचं लोकेशन पहिल्याच मिनिटाला टेबलावर आपटू नकोस, तो त्याभोवती गोष्ट बेतेल. त्याचं सगळं सांगून होऊ दे, मग काढ. आणि जो स्वतःला दुरुस्त करतो त्याच्यावर लगेच झडप घालू नकोस. खरं आठवणाराही असाच मागेपुढे होतो.

कबुलीचा हट्टही सोड. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. आताच्या साक्ष्य अधिनियमाचं कलम 23, आमच्या वेळी पुरावा कायद्याचं 25. त्याने सांगितलं आणि त्यावरून मशीन सापडलं, तर तेवढ्यापुरतं बोलणं चालतं. म्हणजे पुन्हा तेच, तपासता येईल ते!

तो पोरगा आज स्वतः तांडेल आहे. जेटीवर भेटला की रामराम करतो, मान खालीच असते. राग आहे की सवय, मला आजही सांगता येत नाही.

उद्या तुझ्या प्रकरणातल्या दुसऱ्या माणसाचा जबाब घेशील, त्याआधी पंचांग उघडून तिथी बघ. आणि वेळेवर जेव.

तुझा,
निवृत्त साहेब