लोकलमध्ये निन्टेन्डो स्विचवर खेळायला यू-नो हा जपानी, गोष्ट वाचत खेळायचा गेम घेण्यासारखा आहे का?

कोडी आवडत असतील आणि भरपूर वाचायची तयारी असेल तर नक्की घ्या, पण लोकलपेक्षा घरी खेळा. मी रिमेक (जुन्या गेमची नव्याने बनवलेली आवृत्ती) शेवटपर्यंत खेळलोय, त्यावरून सांगतो. याची खरी ताकद म्हणजे नकाशा. गोष्टीच्या सगळ्या फांद्या समोर दिसतात, हव्या त्या क्षणी एक रत्न ठेवायचं आणि पुढे अडकलात की थेट तिथे परत यायचं, आणि भारी गोष्ट म्हणजे मागे गेलात तरी जवळच्या वस्तू तशाच राहतात, त्यामुळे एका फांदीत सापडलेली वस्तू दुसऱ्या फांदीतला अडलेला रस्ता मोकळा करते. रत्नं मोजकीच असतात, म्हणून कुठे ठेवायचं याचा खरंच विचार करावा लागतो. 1996 च्या गेममध्ये हे सुचलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

कमजोरी:
- प्रत्येक स्क्रीनवर सगळीकडे क्लिक करत बसायचं, तेच संवाद परत परत, स्किप आहे तरी कंटाळा येतोच
- शेवटचा मोठा भाग सरळ एका रेषेत जातो, नकाशाच नाही, म्हणजे जे सगळ्यात छान होतं तेच गायब

एक मात्र लक्षात घ्या, स्विचवर आहे तो रिमेक (इंग्रजीत 2019 ला आला), मूळ पीसी-98 (जुना जपानी कॉम्प्युटर) वाल्यातले उघड सेक्स सीन त्यात नाहीत, पण कुटुंबातल्या नात्यांचे अस्वस्थ करणारे प्रसंग आहेत आणि काही चित्रं अशी आहेत की विरार फास्टमध्ये खांद्यावरून कोणी डोकावलं तर अवघड होईल.