हिरड्यांसाठी लेझर: स्केलिंगला पर्याय होतो का?

हिरड्यांतून रक्त येते म्हणून लेझर सुचवले गेले, तर साधे स्केलिंग (दातांवरचे व मुळांवरचे कीटण उपकरणाने खरवडून काढणे) टाळता येईल का, या आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. दात आणि हिरडी यांच्यामधली फट निरोगी अवस्थेत साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. आजारात ती खोल होत जाते आणि आत मुळाला दगडासारखे कीटण चिकटते, जे ब्रशने निघत नाही. दवाखान्यांत बहुधा दिसणारा डायोड लेझर हे कीटण काढूच शकत नाही. केसासारख्या बारीक तंतूतून आलेला त्याचा प्रकाश सुजलेल्या मऊ भागात शोषला जातो, त्यामुळे जंतू कमी होतात व रक्तस्राव आटोक्यात येतो, पण तोच तंतू एका जागी रेंगाळला तर उष्णतेने हाडाला इजा होऊ शकते. २९४० नॅनोमीटरचा अर्बियम लेझर कीटणही काढतो, मात्र ते यंत्र महाग असते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा स्केलिंगला लेझरची जोड दिल्याने होणारा जादा फायदा माफकच आढळला.

म्हणून आधी प्रत्येक दाताच्या फटीची खोली मोजून लिहून घ्यावी आणि स्केलिंगनंतर सहा ते आठ आठवड्यांनी ती पुन्हा मोजावी. मिश्री, तंबाखू किंवा अनियंत्रित मधुमेह असेल (तो दंतवैद्याला अनेकदा सांगायचाच राहतो), तर आधी सवय सोडावी किंवा मधुमेह आटोक्यात आणावा; लेझरचा खर्च त्यानंतरचा.