रताळं इथलं आणि बटाटा बाहेरचा?

प्रश्न असा आहे: ‘बटाटा’ शब्द पोर्तुगीजांकडून आला, म्हणून तो कंद परदेशी. ‘रताळं’ मात्र अस्सल मराठी वाटतं, मग रताळं इथलंच ना? विचारणाऱ्या ताई दादरच्या आहेत आणि एकादशीच्या बाजारात यावरून त्यांचा वाद झाला.

नाही ताई, दोन्ही कंद अमेरिकेतले. गंमत म्हणजे ‘बटाटा’ हे नाव मुळात रताळ्याचंच. १४९२ मध्ये कोलंबस ज्या कॅरिबियन बेटांवर उतरला, तिथले ताइनो लोक रताळ्याला ‘बताता’ म्हणत. आपला वड्यातला बटाटा अँडीज पर्वतातला. क्वेचुआ भाषेत तो ‘पापा’. युरोपात पोचेपर्यंत नावांची सरमिसळ झाली आणि थोरल्याचं नाव धाकट्याला चिकटलं. पोर्तुगीजांना आजही रताळ्याला ‘गोड बटाटा’ म्हणावं लागतं. त्यांची सत्ता वसईला १५३४ ते १७३९ होती. मुंबई, कोकण, गुजरात या किनारपट्टीवर ‘बटाटा’ रुजला आणि उत्तरेत ‘आलू’, तो काही योगायोग नव्हे.

आता रताळं. संस्कृत ‘रक्तालु’ म्हणजे तांबडा कंद. हे नाव जुनं, कोनफळाच्या गोतातल्या कंदाचं. नवा तांबडा कंद आला, त्याला तेच मिळालं. ‘आलू’चंही तसंच: ‘आलुक’ म्हणजे कुठलाही कंद. मिरचीनं तर मिऱ्याचं नाव घेतलं, कारण तिखट म्हणजे मिरी एवढंच तोवर ठाऊक होतं. स्पॅनिश लोकांनीही तेच केलं: मिरी ‘पिमिएंता’, मिरची ‘पिमिएंतो’.

उलट दिशेनंही हेच घडलं. कोलंबसानं १४९३ च्या दुसऱ्या सफरीत घोडे, गुरं, डुकरं नेली. पुढे मेक्सिकोत स्पॅनिशांचे घोडे पाहून नाहुआ लोकांनी त्यांना ‘हरणं’च म्हटलं. त्यांच्याकडे घोडा नव्हता, हरिण होतं.

तेव्हा देशी नावावरून पिकाचं गाव ठरवू नका. नाव उसनं असेल, तर मात्र माग लागतो: ‘काजू’ आणि ‘अननस’ हे दोन्ही शब्द ब्राझीलकडच्या तुपी-ग्वारानी भाषांतून पोर्तुगीजमार्गे आलेले.

आणि भाजीवालीशी पुन्हा वाद झालाच, तर उपासाचं ताट पुढे करा. शेंगदाणे, हिरवी मिरची, ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कसावा, सगळे अमेरिकेचे. वरी आणि शिंगाडा तेवढे जुने रहिवासी.