वाचकांचे प्रश्न : शुगर बॉर्डरवर, मीटिंग रिकामी

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या बचत गटातर्फे मी डायबेटिस होऊ नये म्हणून काम करणाऱ्या कोचचं ऑनलाइन ट्रेनिंग केलं. सगळं इंग्रजीत, मुलगी शेजारी बसून अर्थ सांगायची, त्यात आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दोन दोन दिवस नसते आणि रेंज पाहिजे तर देवळाच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. तरी टेस्ट पास झाले, सर्टिफिकेट आलं. मग गावात मीटिंग लावली. पहिल्या वेळी चौदा बायका आल्या, स्लाईडवरचं सगळं वहीत उतरवून घेतलं होतं ते सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी पाच. तिसऱ्या वेळी मी आणि माझी जाऊ. भात कमी करा म्हटलं की हसतात, चाला म्हटलं की म्हणतात लावणीला ये, मग सांग. माझं काय चुकलं?
— खानापूर तालुक्यातील एक वाचक

उत्तर : ताई, तिसऱ्या वेळी जाऊ आली ही काही लहान गोष्ट नाही, आमच्या घरात तेवढंही झालं नसतं. आता काय चुकलं ते सांगते. तुम्ही वर्षभराचं जेवण एकाच पंगतीत वाढलंत, मग दुसऱ्या दिवशी कोण येणार जेवायला?

हे ट्रेनिंग मुळात जिथनं आलंय तिथली गोष्ट माहिती असली तर बरं पडेल. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००२ साली छापून आला. शुगर वाढलेली पण अजून डायबेटिस न झालेली अशी ३,२३४ माणसं घेतली होती. काहींना मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी, काहींना नुसती दिसायला गोळीसारखी गोळी, आणि काहींना गोळी नाही पण एक माणूस दिला जो त्यांच्याशी बोलत राहील, खाणं बघेल, चालायला लावेल. सरासरी पावणेतीन वर्षांनी बघितलं तर खोट्या गोळीवाल्यांच्या मानाने मेटफॉर्मिनवाल्यांमध्ये डायबेटिस ३१ टक्के कमी झाला आणि बोलणाऱ्या माणसावाल्यांमध्ये ५८ टक्के. टार्गेट दोनच, वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. म्हणजे सत्तर किलोच्या बाईने पाच किलो, बास. पण हे सगळं शिकवायला त्यांनी सोळा धडे केले होते आणि ते सहा महिन्यांत एकेक करून घेतले. तुम्ही एका तासात घेतलेत.

आपल्याकडची माणसं वेगळी, खाणं वेगळं, हे कुणी म्हणालं तर चेन्नईचा अभ्यास सांगा, २००६ चा, ५३१ माणसं. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत डायबेटिस झाला, खाणं-चालणं बदलायला सतत मदत मिळालेल्यांमध्ये ३९ जणांना. अमेरिकेएवढा फरक नाही पडला हे खरं. पण शंभरात सोळा घरं वाचली, ती तुमच्या गल्लीतली असली तर?

आता पुढच्या मीटिंगला वही घरी ठेवून जा. खरंच. नुसतं विचारायचं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं, चहा किती झाले, त्यात साखर किती. कुणी खोटं सांगेल, सांगू दे, मध्ये बोलायचं नाही. मला स्वतःला हे शिकायला खूप वेळ लागला कारण आपल्याला सवय काय, समोरची बोलायला लागली की आपण उपदेश सुरू. ट्रेनिंगच्या व्हिडिओत हे दोन मिनिटांत सांगून टाकतात, लोकांना बोलतं करा म्हणे, आणि पुढची चाळीस मिनिटं कॅलरी.

भाताचं म्हणाल तर खानापूरकडे भात कमी करा म्हणणं म्हणजे माणसाला घर सोड म्हटल्यासारखं आहे. तसं म्हणू नका. त्यांच्याच घरातली वाटी आणायला सांगा, किती वाट्या घेता ते मोजा, त्यातली एकच वाटी कमी करून तिथं उसळ किंवा पालेभाजी येते का ते त्यांनाच विचारा. कुणी म्हणेल रात्री जमतंय दुपारी नाही, ठीक आहे, रात्री. आठवड्याला एकच बदल आणि तो तिनं ठरवलेला पाहिजे, तुम्ही ठरवलेला नको. आणि गुळाचा चहा! आपल्या उसाच्या पट्ट्यात निम्म्या घरात समजूत आहे की साखर बंद केली, गूळ चालतो. गुळातही बहुतेक साखरच असते, रक्तातली शुगर तोही वाढवतो. हे मात्र स्पष्ट सांगा, इथं विचारत बसू नका.

आणि लावणीच्या दिवसात चाला म्हटलंत म्हणून हसल्या, त्यांचं बरोबर आहे, दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला व्यायाम काय सांगता. पण मळणी झाली, भात घरात आला, की त्याच बाया दुपारभर टीव्हीपुढं असतात, चालण्याचं तेव्हा काढा. रोज अर्धा तास, आठवड्याला पाच दिवस, झाली दीडशे मिनिटं. लिहिता न येणाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवशी कुंकवाचं बोट लावायचं. दर आठवड्याला एकच वजनकाटा, एकच जागा, आणि कुणाचं वजन सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचं नाही. तुम्ही पहिल्या मीटिंगला वाचलं होतं का हो? वाचलं असेल तर नऊ जणी का गेल्या ते मला कळलं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. असंच ट्रेनिंग घेतोय, पण डॉक्टर नसताना हे काम करावं का अशी शंका येते. लोक रिपोर्ट घेऊन येतात आणि विचारतात, गुरुजी शुगर बॉर्डरवर आहे म्हणाले, म्हणजे काय? एकजण तर म्हणाला, आपण आधीच बॉर्डरवरचे, त्यात शुगरपण!
— निपाणी

उत्तर : गुरुजी, करावं, अगदी निर्धास्त करावं. अमेरिकेच्या डायबेटिस टाळायच्या सरकारी कार्यक्रमातसुद्धा कोच डॉक्टर किंवा नर्स असलाच पाहिजे अशी अट नाही. केरळात तर १,००७ माणसांना घेऊन जो प्रयोग झाला त्यात गट चालवणारे गावातलेच साधे लोक होते. दोन वर्षांनी डायबेटिसच्या आकड्यात ठाम म्हणावा असा फरक नाही दिसला, हेही सांगून ठेवते, पण भाजी-फळं वाढली, दारू कमी झाली.

बॉर्डर म्हणजे उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ (जागतिक आरोग्य संघटना ११० पासून धरते), किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, ५.७ ते ६.४. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ झालं किंवा त्याच्या वर गेलं की तुमचं काम तिथं संपलं, डॉक्टरकडे पाठवा. बोटाला टोचायच्या मशीनवर डायबेटिस आहे की नाही ठरवायचं नाही, त्याला शिरेतलं रक्त लागतं. कुणाची गोळी वाढवा, थांबवा, अर्धी करा असलं काही तोंडातून काढायचं नाही, शेजाऱ्यानं कितीही गळ घातली तरी. आणि ज्यांनी कधी तपासलंच नाही त्यांची कंबर मोजा. बाईची ८० सेंटीमीटर, पुरुषाची ९० च्या वर, वय पस्तिशीपुढं, आई-वडिलांपैकी कुणाला शुगर आणि बैठं काम, एवढं जुळलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथला कागद कन्नडमध्ये असतो, तो वाचून दाखवणारा माणूस असला तर लोक परत जातात, नाहीतर चिठ्ठी खिशातच राहते. तुम्हाला कन्नड वाचता येत असेल तर हे अर्धं काम झालं समजा.

प्रश्न : बेळगावात वडगावला माग आहे. बायको म्हणते आपणच हे ट्रेनिंग करू, पण कुठलं घ्यावं? एकेकाची फी वेगळी, सगळे म्हणतात इंटरनॅशनल सर्टिफिकेट. आणि आमच्या घरात कुंदा बंद करायचा का?
— वडगाव

उत्तर : इंटरनॅशनल शब्दावर पैसे देऊ नका. अमेरिकेतला कोर्स तिथल्या कार्यक्रमांसाठी आहे, इथं ते लायसन नाही. एवढं विचारा, तुम्ही बोलताना कुणी ऐकून चूक काढणार आहे का, म्हणजे एकानं पेशंट व्हायचं आणि दुसऱ्यानं कोच, की नुसते व्हिडिओ? तिकडे कोचला निदान बारा तासांचं ट्रेनिंग लागतं, दोन तासांत कोच करून देणारे सोडून द्या. मराठी किंवा कन्नडमध्ये सराव मिळाला तर उत्तम, कारण परीक्षा इंग्रजीत दिली तरी मीटिंगमध्ये तुम्ही इंग्रजी बोलणार नाही.

कुंदा बंद नको, डबा घरात भरून ठेवणं बंद. पाहुणे आले की आणा, चमचाभर घ्या, उरलेला त्यांच्याबरोबर पाठवा.