वडील गेल्यानंतर वही हाती घेताना

वडिलांना जाऊन दोनच महिने झालेत आणि तुम्ही लिहायला बसताय, हे फार चांगलं केलंत.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनावरच्या आघातांबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना जास्तच उदास वाटलं होतं. म्हणून पहिल्या दिवशी रडू आलं तर वही बंद करू नका.

सुरुवातीच्या चुका बहुधा याच:

- नुसती हकिकत लिहिणं: आयसीयू, बिलं, दहावं-तेरावं. त्या वेळी आत काय चाललं होतं तेही येऊ द्या. भावाचा राग आला, अगदी बाबांचाही आला, तरी लिहा. ते पान कुणाला दाखवायचं नाहीये.
- शुद्धलेखन बघत बसणं.
- कालचं पान रोज वाचणं.

एखादी आठवण अजिबात सोसवत नसेल तर तिला हात लावू नका, दुसऱ्या विषयावर लिहा. जुनी पत्रं, फोटो काढून त्यावर लिहिणं वगैरे वर्षश्राद्धानंतर बघू.

आणि झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर डॉक्टरांना भेटा. जगणंच नकोसं वाटलं तर वही बाजूला ठेवून लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.